सूर्याचे शेजारी: साडेबारा प्रकाशवर्षांच्या टांगत्या प्रतिकृतीच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

सूर्याजवळचे तारे मण्यांनी दाखवायचे, मणी वरच्या आडव्या प्लायवरून दोऱ्यांनी टांगायचे. प्रमाण ठरलं: १ प्रकाशवर्ष = ४ सें.मी. मर्यादा साडेबारा प्रकाशवर्षं, म्हणजे सूर्यापासून ५० सें.मी. आणि एकूण व्यास १ मीटर. जिन्याच्या चौकात एवढी जागा सहज मिळते आणि चारही बाजूंनी फिरता येतं. ५ सें.मी.चं प्रमाण घेतलं असतं तर १२२ सें.मी.चा प्लाय अपुरा पडला असता.

या गोलात सूर्य सोडून २५ प्रणाली येतात. सगळ्यात जवळची मित्र तारा (अल्फा सेंटॉरी, 'अ' आणि 'ब' अशी जोडी) आणि प्रॉक्झिमाची, ४.२५ ते ४.३४ प्रकाशवर्षांवर. कडेची टीगार्डनच्या ताऱ्याची, १२.४९७ प्रकाशवर्षांवर, अगदी उंबरठ्यावर. ग्रह वगळून एकूण ३८ पिंड: २२ तांबडे बटू (लहान, थंड, मंद तारे), सूर्याहून थोडे थंड असे के वर्गातले ५, सूर्यासारखे जी वर्गातले २ (मित्र 'अ' आणि टाऊ सेटी), व्याध आणि प्रश्वा हे दोन तेजस्वी, त्यांचे दोन श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे गाभे) साथीदार, आणि तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेले) किंवा त्याहून थंड असे ५. नुसत्या डोळ्यांना यांतल्या फक्त सात प्रणाली दिसतात: मित्र, व्याध, प्रश्वा, एप्सिलॉन एरिडनी, टाऊ सेटी, एप्सिलॉन इंडी आणि अंधाऱ्या जागेवरून हंसातला ६१ क्रमांकाचा जोडतारा. २२ तांबड्या बटूंपैकी एकही दिसत नाही. आकाश बघून शेजाराची जी कल्पना होते ती किती अपुरी आहे, हे दाखवायलाच ही प्रतिकृती करायची आहे.

११ जानेवारी

ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या विदासंचातून पराशय २६० मिलिआर्कसेकंदांपेक्षा जास्त असलेले स्रोत काढले. पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या दिसणाऱ्या जागेत पडणाऱ्या फरकाचा निम्मा कोन; तारा जितका जवळ तितका तो मोठा. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, मिलिआर्कसेकंद त्याचा हजारावा. अंतर काढायचं सूत्र साधं: ३.२६१५६ भागिले पराशय (आर्कसेकंदांत). दूरच्या ताऱ्यांना हा सरळ भागाकार फसवतो, कारण तिथे त्रुटी पराशयाच्याच तोडीची असते. इथे ती अडचण नाही. प्रॉक्झिमाचा पराशय ७६८.०७ मिलिआर्कसेकंद आणि त्रुटी ०.०५, आपल्या प्रमाणात ती एका मिलिमीटरचा अगदी बारीक अंश.

जुन्या यादीशी जुळणी करताना बर्नार्डचा तारा हाती लागेना. कारण निजगती, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं. जुन्या यादीतली स्थानं २००० सालची, गायाची २०१६ ची. हा तारा वर्षाला सुमारे १०.४ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे सोळा वर्षांत १६६ आर्कसेकंद. शोधाची त्रिज्या ५ आर्कसेकंद ठेवली तर तो मिळणारच नाही. आधी निजगतीने स्थान २०१६ पर्यंत पुढे न्यायचं, मग शोधायचं. शेजारच्या ताऱ्यांत हा नियम प्रत्येकाला लावावा लागतो. जवळचे म्हणूनच ते भराभर सरकताना दिसतात. प्रतिकृतीतल्या जागेला मात्र याने काही फरक पडत नाही. गेल्या नऊ वर्षांचं बर्नार्डचं सरकणं मण्याच्या जागी ०.१ मि.मी. भरतं.

१५ जानेवारी

गायाची निरीक्षणं आज थांबली. थंड वायूचं इंधन संपत आलं होतं. ज्या आकड्यांवर हे काम उभं आहे त्यांतले बहुतेक या एका यंत्राने दिलेले आहेत, म्हणून इथे नोंद.

१८ जानेवारी

गायाच्या यादीतल्या गाळलेल्या जागा भरल्या. हा भाग सर्वांत जास्त वेळ खाणारा.

तिसऱ्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारे गायाच्या शोधकाला झेपत नाहीत (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी). त्यामुळे मित्र 'अ' आणि 'ब', व्याध, प्रश्वा हे चौघे त्यात नाहीत. आकाशातले सर्वांत ओळखीचे शेजारीच गायब. दुसऱ्या टोकाला वासुकीतला वाइज ०८५५, ज्याचं तापमान पाणी गोठण्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे, तो गायाला दिसण्याइतका उजळच नाही; त्याचं ७.४ प्रकाशवर्षं हे अंतर अवरक्त निरीक्षणांवरून आलं. २०१३ साली सापडलेल्या लुहमन १६ या तपकिरी जोडीसाठी ५०१.६ मिलिआर्कसेकंद ही वेगळी मोजणी घेतली: ६.५० प्रकाशवर्षं. मित्राला ७५०.८, म्हणजे ४.३४४ प्रकाशवर्षं. प्रश्वाला हिप्पार्कॉस उपग्रहाचा २८४.६: ११.४६ प्रकाशवर्षं.

व्याधापाशी मात्र गाडी अडली. हिप्पार्कॉसने मोजलेला पराशय ३७९.२, त्यावरून ८.६० प्रकाशवर्षं. गायात व्याध 'अ' नसला तरी त्याचा श्वेतबटू साथीदार 'ब' आहे. त्याचा पराशय ३७४.५, त्यावरून ८.७१. दोघे एकमेकांभोवती ५० वर्षांत फिरतात, त्यामुळे अंतर एकच असायला हवं. फरक ०.११ प्रकाशवर्षाचा, प्रतिकृतीत ४.४ मि.मी. 'ब' हा 'अ' पेक्षा सुमारे नऊ हजार पट मंद आणि आकाशात त्याला जेमतेम ११ आर्कसेकंदांवर चिकटलेला. शिवाय या विदासंचातल्या गायाच्या ३४ महिन्यांच्या निरीक्षणांत त्याची कक्षेतली चाल सरळ रेषेत नव्हती. म्हणून तूर्त ८.६०, पण प्लायवर दोन्ही जागांना भोक पाडायचं.

तिमिंगलातल्या ग्लीस ६५ या तांबड्या जोडीत हाच प्रकार ठळक दिसतो. 'अ' चा गाया पराशय ३६७.७, 'ब' चा ३७३.८. आकडे जसेच्या तसे घेतले तर दोघांत ०.१५ प्रकाशवर्षाचं अंतर पडतं, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या नऊ हजार पट. प्रत्यक्षात ही जोडी साडेसव्वीस वर्षांत एक फेरी मारते आणि दोघांतलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहा पटींच्या आतलं आहे. कक्षेतली वाकडी चाल पराशयात मिसळली की असं होतं. यादी आंधळेपणाने संगणकात टाकली तर एका प्रणालीचे दोन वेगवेगळे तारे टांगले जातील. जोडताऱ्यांचे आकडे हाताने तपासायचे, याला दुसरा मार्ग नाही. इथे कमी त्रुटीचा 'ब' चा आकडा घेतला: ८.७२.

२ फेब्रुवारी

निर्देशक काढले. सूर्य शून्यावर, वर खगोलीय उत्तर ध्रुव.

क्ष = अंतर × कोसाइन(क्रांती) × कोसाइन(विषुवांश)
य = अंतर × कोसाइन(क्रांती) × साइन(विषुवांश)
झ = अंतर × साइन(क्रांती)

विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश. विषुवांश तासांत असतो. अंश करायला १५ ने गुणायचं. उदाहरण बर्नार्डचा तारा: १७ तास ५७ मि. ४८.५ से. म्हणजे २६९.४५२ अंश, क्रांती अधिक ४.६९३, अंतर ५.९६३. चारने गुणल्यावर क्ष = −०.२३, य = −२३.७७, झ = +१.९५ सें.मी. ताळा: तिघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ २३.८५, आणि ५.९६३ × ४ = २३.८५. प्रत्येक ओळीला हा ताळा केला. तो अंतर बरोबर आहे एवढंच सांगतो, दिशेची चूक त्यात पकडली जात नाही.

दिशेची चूक सापडली ती ऋण क्रांतीत. व्याधाची क्रांती −१६ अंश ४२ मि. ५८ से. तक्त्यात अंश ऋण आणि मिनिटं धन धरून बेरीज झाली, −१५.२८४ आलं, बरोबर उत्तर −१६.७१६. मणी साडेआठ मि.मी. भलतीकडे गेला असता आणि ताळा तरीही जुळला असता. आता चिन्हाचा वेगळा स्तंभ केला आहे. अंश, मिनिटं, सेकंद धन ठेवून बेरीज, चिन्ह शेवटी.

आकाशगंगेचं प्रतल आडवं धरावं की खगोलीय विषुववृत्त, यावर विचार झाला. विषुववृत्त ठेवलं, कारण तारानकाशा हातात घेऊन येणाऱ्याला विषुवांश आणि क्रांतीवरून मणी लगेच शोधता येतो.

८ फेब्रुवारी

साहित्य: १२ मि.मी. प्लाय, ११० × ११० सें.मी.; चार कोपऱ्यांना आयहूक आणि टर्नबकल (फिरवून ताण कमी-जास्त करायचा स्क्रू); ३ मि.मी. तारदोर. आधी ६ मि.मी. प्लाय लावून पाहिला. कोपऱ्यांवर टांगल्याबरोबर त्याने मध्ये ४ मि.मी. पोट काढलं, म्हणजे मधले सगळे तारे ०.१ प्रकाशवर्ष खाली. १२ मि.मी.चा प्लाय सरळ राहतो.

सूर्य प्लायच्या खालच्या पृष्ठापासून ५० सें.मी. खाली. सर्वांत वर स्ट्रूव्ह २३९८ ही जोडी (झ +३९.७), तिचा दोरा जेमतेम १०.३ सें.मी.; सर्वांत खाली एप्सिलॉन इंडी (झ −३९.७), दोरा ८९.७ सें.मी. दोऱ्याची लांबी = ५० − झ. वर आणि खाली अगदी सारखीच मोकळीक मिळाली हा निव्वळ योगायोग, पण सोयीचा.

प्लायवर गुण्याने ५ सें.मी.ची चौकट आखली, मग क्ष-य खुणा. १.५ मि.मी.च्या बिटने आरपार भोकं. बिट तिरकी गेली तर खालच्या बाजूला जागा सरकते. उभ्या स्टँडमध्येच ड्रिल धरायचं.

१५ फेब्रुवारी

टांगलेली रचना आरशातली निघाली.

खुणा प्लायच्या ज्या पृष्ठावर केल्या ते पृष्ठ खाली तोंड करून बसवलं गेलं. वरून, म्हणजे उत्तरेकडून पाहिलं की विषुवांश घड्याळाच्या उलट दिशेने वाढला पाहिजे. इथे तो घड्याळाच्या दिशेने वाढत होता. कागदावरचे सगळे आकडे बरोबर, ताऱ्यांमधली अंतरंही बरोबर, तरी आकाश उलटं. मोजपट्टीने ही चूक कधीच सापडणार नाही.

सापडली ती अशी: मोबाइलचा कॅमेरा सूर्याच्या मण्याजवळ धरून व्याधाकडे रोखला. उत्तर वर असताना प्रश्वा व्याधाच्या डावीकडे वर दिसायला हवा, जसा फेब्रुवारीत संध्याकाळी दक्षिणेला तोंड करून दिसतो. तो उजवीकडे होता.

भोकं आरपार असल्यामुळे उपाय सोपा: प्लाय उलटा केला, आयहूक दुसऱ्या बाजूला घेतले. यापुढे पहिले दोन मणी टांगायचे ते व्याध आणि प्रश्वा. ते जुळले की मगच बाकीचे.

२२ फेब्रुवारी

मण्यांचे आकार. प्रमाणात काहीच दाखवता येत नाही: या प्रमाणात सूर्याचा व्यास मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी, आणि नेपच्यूनची अख्खी कक्षा ०.०४ मि.मी., केसापेक्षा बारीक. म्हणून आकार वर्गाप्रमाणे.

आधी १६, १४, १२, ८ मि.मी. मणी आणले होते. ते मित्रापाशीच बाद झाले. मित्र जोडी आणि प्रॉक्झिमा यांच्यात ०.१९ प्रकाशवर्ष, म्हणजे ७.६ मि.मी. १४ मि.मी.चा मणी शेजारी ८ मि.मी.चा मणी घेऊन तिथे मावतच नाही. सगळे आकार कमी केले: व्याध, प्रश्वा १० मि.मी.; जी वर्ग ८; के वर्ग ६; तांबडे बटू ४; तपकिरी आणि श्वेतबटू ३. मित्र 'अ' वर, 'ब' खाली, एकाच दोऱ्यात एकमेकांना टेकून. दोघांचा सांधा हीच प्रणालीची जागा. दोघांमधलं खरं सरासरी अंतर इथे ०.०१५ मि.मी. भरतं, तेव्हा टेकवणं हेच सत्याच्या सर्वांत जवळ. प्रॉक्झिमा शेजारच्या भोकातून, जवळजवळ त्याच उंचीवर. आता तिघे सुटे दिसतात. एका प्रणालीचे घटक वेगळे टांगावे लागतात असं हे एकच ठिकाण. एप्सिलॉन इंडीचे दोन तपकिरी साथीदारसुद्धा मुख्य ताऱ्यापासून १ मि.मी.च्या आत येतात.

रंगाबद्दल. 'तांबडा बटू' म्हणून लालभडक मणी घेण्याचा मोह होतो. बर्नार्डच्या ताऱ्याचं पृष्ठतापमान ३,२०० केल्विनच्या आसपास. जुन्या पिवळ्या बल्बची तार २,७०० केल्विनला तापते. म्हणजे हे तारे बल्बपेक्षाही कमी तांबडे. फिकट नारिंगी रंग दिला. व्याध निळसर पांढरा, सूर्य पांढरा, पिवळा नाही.

१ मार्च

दोरा. ०.१५ मि.मी.चा तंगूस घेतला. चार मि.मी.चा लाकडी मणी इतका हलका की रिळावरून सुटलेला तंगूस त्याच्या वजनाने सरळ होत नाही. वेटोळं तसंच राहतं आणि मणी ५ ते ६ मि.मी. वर येऊन बाजूला झुलतो. काळा सुती दोरा सरळ पडतो, पण दमट दिवसात लांबी बदलते आणि पीळ सुटताना मणी फिरत राहतो.

जमलेली पद्धत: तंगूस लांबीला कापून पाच मिनिटं गरम पाण्यात (उकळत्या नव्हे), मग खाली वजन लावून रात्रभर टांगून ठेवायचा. मण्याखाली गाठ न मारता, गळाला लावतात तो चिरेचा शिशाचा छर्रा पकडीने दाबायचा. छर्रा मण्याला आधारही देतो आणि दोरा ताणूनही धरतो. गाठ तंगूसवर घसरते. छर्रा घसरत नाही. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि मुलांकडून हे काम करून घ्यायचं नाही.

वरच्या टोकाला प्लायवर वॉशर घालून छोटा स्क्रू, त्याला दोन वेढे. उंची कमी-जास्त करायची तर स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा.

८ मार्च

उंचीची फेरतपासणी. पाणसळ प्लायच्या दोन्ही कर्णांवर धरली, टर्नबकल फिरवून बुडबुडा मध्ये आणला, मग सूर्याच्या भोकातून ओळंबा सोडला. प्लाय एका बाजूला १ अंश कलला तर कडेचे तारे साडेआठ मि.मी. वरखाली होतात.

तरी व्याध ५ मि.मी. खाली भरत होता आणि तांबडे बटू सगळे २ मि.मी. खाली. दोऱ्याची लांबी मण्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजली होती. ती मध्यापर्यंत हवी. व्याधाच्या बाबतीत ही चूक हिप्पार्कॉस आणि गाया यांच्यातल्या फरकापेक्षा मोठी. सगळ्या दोऱ्यांतून मण्याची त्रिज्या वजा केली. आता २५ पैकी २३ प्रणाली १ मि.मी.च्या आत, ग्लीस ६५ आणि कुंभेतली ईझेड अक्वेरी ही तिहेरी प्रणाली यांच्या अंतराबद्दलच खात्री कमी, म्हणून त्यांच्या नावाच्या पट्टीवर तारांकन.

१५ मार्च

बर्नार्डच्या ताऱ्याला चार ग्रह असल्याचं या आठवड्यात प्रसिद्ध झालं. पहिल्याचा शोध गेल्या ऑक्टोबरात आला होता, परिभ्रमणकाळ ३.१५ दिवस. चारही पृथ्वीपेक्षा हलके. २०१८ साली याच ताऱ्याभोवती २३३ दिवसांचा ग्रह असल्याचा दावा झाला होता, तो टिकला नाही. पट्टीवर ग्रहांची संख्या छापून टाकणं म्हणूनच धोक्याचं. ग्रहांची माहिती वेगळ्या, बदलता येण्याजोग्या कागदावर ठेवली.

याच ताऱ्याला वेगाची तार लावली: पुढच्या १,००० वर्षांत तो जिथे जाईल तिथपर्यंतची दिशा आणि लांबी. निजगतीवरून आडवा वेग सेकंदाला ९० कि.मी., अरीय वेग (आपल्या दृष्टिरेषेतला) −११०.५, म्हणजे आपल्याकडे. एकत्र सुमारे १४२. हजार वर्षांत जवळपास अर्धं प्रकाशवर्ष: १९ मि.मी. तार मण्यातून सूर्याच्या दिशेशी ३९ अंशांचा कोन करून, उत्तरेकडे वर वाकवलेली. याच मापाने ६१ हंसाला १४.६ मि.मी., लालांद २११८५ ला १३.७, व्याधाला फक्त २.३. व्याधाची तार मण्यातच झाकली जाते. तिथे लावली नाही.

२२ मार्च

आकाशगंगेच्या केंद्राकडे पितळी बाण: सूर्यापासून विषुवांश २६६.४ अंश, क्रांती −२९, म्हणजे आडव्यापासून २९ अंश खाली झुकलेला. केंद्र सुमारे २६,७०० प्रकाशवर्षांवर. याच प्रमाणात ते एक कि.मी.हून थोडं पलीकडे येतं. बाणाच्या पट्टीवर हेच लिहिलं. एक मीटरच्या गोलाशेजारी एक किलोमीटर, इतकं सांगितलं की पुरे.

टांगल्यावरच कळतात अशा गोष्टी. प्रश्वा आणि लुइटेनचा तारा यांच्यात केवळ १.१ प्रकाशवर्ष, दोरे ४.३ सें.मी.वर, तिथून प्रश्वा आपल्या शुक्राइतका तळपत असणार. टाऊ सेटी आणि वायझेड सेटी १.६ प्रकाशवर्षांवर. सूर्याला एवढ्या जवळचा कोणीच नाही. मित्राच्या मण्यामागे कॅमेरा धरून सूर्याकडे पाहिलं की नजर शर्मिष्ठेकडे जाते. तिथल्या आकाशात आपला सूर्य शर्मिष्ठेतला आणखी एक तारा, प्रत साधारण ०.५. उलट बाजूने, पुण्याहून मित्र तारा सर्वांत वर असताना क्षितिजापासून अकरा अंशांच्याही आतच असतो, मेअखेरीस रात्री अकराच्या सुमारास. दक्षिण क्षितिज मोकळं असेल त्यानेच तेव्हा शोधावा.

हंसातल्या ६१ साठी एक जास्तीची पट्टी. १८३८ साली बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने याच ताऱ्याचा पराशय ०.३१४ आर्कसेकंद मोजला, त्यावरून अंतर १०.४ प्रकाशवर्षं, आजचा आकडा ११.४. बेसेलच्या जागी एक रिकामा पारदर्शक मणी टांगला, आजच्या मण्यापासून ४ सें.मी. आत. डोळा आणि दुर्बीण एवढ्यावर काढलेलं उत्तर इतकं जवळ आलं, हे बघणाऱ्याला तिथेच थांबवतं.

२९ मार्च

परवा, २७ तारखेला, गाया उपग्रह कायमचा बंद करण्यात आला. चौथा विदासंच डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित.

उरलेली कामं: धूळ बसू नये म्हणून महिन्यातून एकदा मऊ ब्रश, वरून खाली, दोरा न ओढता. तीन महिन्यांनी पाणसळ. पावसाळ्यात प्लाय फुगतो, जूनमध्ये उंची पुन्हा मोजायची. व्याधाचा दोरा पहिल्या भोकात (क्ष −६.४५, य ३२.३१) आहे; ४ मि.मी. बाहेरचं दुसरं भोक (क्ष −६.५३, य ३२.७२) मोकळं ठेवलं आहे.